नामदार गोखले आणि सरकारचे आकडे

लोकप्रतिनिधीच्या हाती जी साधने असतात त्यांत लेखी प्रश्न हे दिसायला सर्वांत साधे साधन होय. त्यात भाषणाची रंगत नाही, सभात्यागाचा आवेश नाही, मतदानातील जयपराजयही नाही. काही दिवस आधी सूचना द्यायची, प्रश्न कागदावर लिहून पाठवायचा आणि सरकारकडून येणाऱ्या उत्तराची किंवा तक्त्याची वाट पाहायची, एवढाच त्याचा विधी. वृत्तपत्रांच्या पहिल्या पानावर असा प्रश्न क्वचितच झळकतो. परंतु शासनाने आपल्या कारभाराविषयी आपल्याच तोंडाने साक्ष द्यावी आणि ती साक्ष कायमची नोंदली जावी, हे कार्य याच साधनाने होते. या साधनाचे मोल आपल्या देशात ज्यांनी प्रारंभीच ओळखले त्यांत नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांचे नाव अग्रभागी आहे. विधिमंडळात मतांचे बळ जवळजवळ नसताना केवळ सरकारी आकड्यांच्या आधारावर सरकारला उत्तर देणे भाग पाडणारा हा पुरुष मुळात गणिताचा शिक्षक होता, ही गोष्ट सहज विसरण्यासारखी नाही.

आठ रुपयांचा विद्यार्थी

गोखल्यांचा जन्म ९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यात गुहागर तालुक्यातील कोतळूक या गावी झाला. वडील कृष्णराव कागल येथे नोकरीस होते. १८७९ साली त्यांचे निधन झाले तेव्हा गोपाळरावांचे वय अवघे तेरा वर्षांचे होते. थोरले बंधू गोविंदराव यांनी स्वतःचे शिक्षण सोडून दरमहा पंधरा रुपयांची नोकरी पत्करली आणि त्यांतले आठ रुपये ते धाकट्या भावाच्या शिक्षणासाठी पाठवू लागले. उरलेल्या सात रुपयांत घर चालत होते. एकेका आण्याचा हिशेब ठेवण्याची सवय ज्याला या वयात लागली, त्याने पुढे साम्राज्याच्या अंदाजपत्रकातील कोट्यवधींचा हिशेब तितक्याच बारकाईने तपासावा यात नवल नाही.

कोल्हापूर, पुणे आणि मुंबई येथील महाविद्यालयांत शिकून १८८४ साली ते पदवीधर झाले. पुढल्याच वर्षी ते पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिक्षक म्हणून रुजू झाले आणि नंतर डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य बनून त्यांनी फर्ग्युसन महाविद्यालयात १९०२ पर्यंत अध्यापन केले. गणित, इंग्रजी, इतिहास, अर्थशास्त्र असे विषय गरजेप्रमाणे त्यांनी शिकविले. त्यांनी लिहिलेले अंकगणिताचे पाठ्यपुस्तक अनेक वर्षे शाळांतून चालत होते.

या शिक्षकाला सार्वजनिक कार्याची दीक्षा दिली ती न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी. सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकाचे संपादन गोखल्यांकडे आले आणि रानड्यांच्या देखरेखीखाली सरकारी अहवाल वाचणे, त्यांतील कोष्टके ताडून पाहणे, अर्जांचे मसुदे पुनःपुन्हा लिहिणे असा कडक अभ्यासक्रम सुरू झाला. सरकारने अर्जाकडे दुर्लक्ष केले तरी तो तयार करण्याच्या निमित्ताने लोकांचे राजकीय शिक्षण होते, अशी रानड्यांची धारणा होती. त्या वर्तुळातील आणखी एक नाव आज फारसे कोणाच्या स्मरणात नाही. गणेश व्यंकटेश जोशी हे सरकारी शाळेतील शिक्षक, पुढे मुख्याध्यापक. हिंदुस्थानच्या जमाखर्चाचा त्यांच्याइतका सूक्ष्म अभ्यास त्या काळी फार थोड्यांनी केला होता. गोखल्यांच्या अनेक महत्त्वाच्या भाषणांमागे जोशींनी जुळवून दिलेली आकडेवारी आणि त्यांच्याशी झालेला पत्रव्यवहार आहे. सभागृहात उभा राहणारा एक असतो. परंतु कोणता आकडा मागावा आणि मिळालेला कसा वाचावा हे सांगणारे बहुधा सभागृहाबाहेरच बसलेले असतात.

१८९७ चा धडा

हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करण्यासाठी नेमलेल्या वेल्बी कमिशनपुढे साक्ष देण्यास १८९७ साली गोखले विलायतेस गेले. त्या वेळी त्यांचे वय तीस वर्षांचे होते. त्यांच्या साक्षीत भावनेला आवाहन करण्याऐवजी सरकारी कागदांचा आधार घेतलेला होता. ब्रिटिश पार्लमेंटसाठी १८९२ साली तयार झालेल्या एका तक्त्यावरून त्यांनी दाखवून दिले की, वर्षाला दहा हजार रुपये किंवा त्याहून अधिक वेतन घेणारे २,३८८ अधिकारी हिंदुस्थानात होते आणि त्यांत हिंदी माणसे केवळ ६० होती. हा आकडा कोणा आंदोलकाने काढलेला नव्हता. तो राज्यकर्त्यांच्याच दप्तरातून आला होता. त्यामुळे त्याच्या अर्थाबद्दल वाद झाला तरी त्याच्या खरेपणाबद्दल होणे शक्य नव्हते.

त्याच वर्षी, त्याच शहरात, गोखल्यांना याच्या नेमका उलट अनुभव आला. पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तासाठी नेमलेल्या गोऱ्या सैनिकांच्या गैरवर्तनाविषयी त्यांना मित्रांची पत्रे आली होती. त्या पत्रांच्या भरवशावर त्यांनी गंभीर आरोप पार्लमेंटच्या सदस्यांपुढे व वृत्तपत्रातून जाहीर केले. मुंबई सरकारकडून त्यांचा इन्कार झाला आणि पुरावा मागितला गेला. दरम्यान २२ जून रोजी रँडवर गोळी झाडली गेली होती; नातू बंधूंना पकडण्यात आले, टिळकांना अटक झाली. गोखले जुलैअखेर परतले तेव्हा ज्यांनी पत्रे लिहिली त्यांपैकी कोणीही नाव उघड करण्यास धजेना. पुराव्यावाचून आरोप मागे घेण्याखेरीज मार्ग उरला नाही आणि गोखल्यांनी बिनशर्त माफी मागितली. पुण्यात त्यांची छीथू झाली. भ्याडपणाचा शिक्का कपाळी बसला.

तक्रारी खोट्या होत्या असे या माफीने ठरत नाही. त्या सिद्ध करता आल्या नाहीत, एवढेच ठरते. परंतु सत्ताधाऱ्यांपुढे या दोहोंत अंतर राहत नाही, आणि ते राहत नाही याची झळ ज्यांच्यासाठी आपण बोलतो त्यांनाच लागते. एका वर्षातील या दोन प्रसंगांचा परस्परविरोध बोलका आहे. सरकारी तक्त्यातील आकड्याला कोणी धक्का लावू शकले नाही; ऐकीव वृत्तांत मात्र पहिल्याच आघाताला कोसळला. गोखल्यांच्या पुढील सतरा-अठरा वर्षांच्या सार्वजनिक जीवनात सरकारच्याच कागदावर पाय रोवून बोलण्याचा जो कटाक्ष दिसतो, त्याला रानड्यांच्या शिकवणुकीइतकाच हा अपमानही कारण झाला असला पाहिजे.

अपुरा हक्क, पुरेपूर वापर

१८९९ च्या अखेरीस गोखले मुंबई कायदे कौन्सिलात निवडून आले. ज्या नियमांखाली त्यांना काम करावयाचे होते ते पाहिले म्हणजे त्यांच्या कामगिरीचे मोल कळते. १८६१ च्या कायद्याने स्थापन झालेल्या कौन्सिलांत सभासदांना प्रश्न विचारण्याचा अधिकारच नव्हता. १८९२ च्या सुधारणेने तो प्रथम मिळाला. पण किती कुंपणे घालून! प्रश्नाची आगाऊ सूचना दिली पाहिजे. प्रश्न माहितीपुरताच असावा, त्यात युक्तिवाद नसावा. अध्यक्षाला वाटल्यास तो नाकारता येईल. उत्तरावर चर्चा होणार नाही आणि उपप्रश्नही विचारता येणार नाही. अंदाजपत्रकावर बोलता येई, पण मत देता येत नसे.

अशा स्थितीत प्रश्नाच्या शब्दरचनेलाच सारे महत्त्व येते. उपप्रश्न विचारायची सोय नसली म्हणजे पहिल्याच प्रश्नात पळवाट राहता कामा नये. कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंत, कोणत्या प्रांतात, किती वेतनाच्या जागा, कोणत्या सदराखालचा खर्च, हे सारे नेमके लिहावे लागते. मोघम प्रश्नाला मोघम उत्तर मिळते, आणि मोघम उत्तर हे सरकारला नेहमीच सोयीचे असते. दुसरे असे की, मिळालेले उत्तर एकटे काही सांगत नाही. ते मागील वर्षाच्या उत्तराशेजारी, जनगणनेच्या शेजारी, विलायतेत प्रसिद्ध झालेल्या तक्त्याशेजारी ठेवावे लागते. अशा जुळणीत गोखल्यांचा हातखंडा होता. मुंबई कौन्सिलात १८९९-१९०० च्या दुष्काळानंतर शेतसारा आणि दुष्काळनिवारण यांविषयी ते अभ्यासाच्या बळावर बोलले. १९०१ साली जमीन महसूल कायद्याच्या दुरुस्तीच्या वेळी फिरोजशहा मेहता यांच्यासह सभात्याग करणाऱ्यांतही ते होते. केवळ आकड्यांत रमणारा तो माणूस नव्हता. कागद संपतो तेथे उठून जाण्याचे धैर्यही त्याच्यापाशी होते.

फिरोजशहांच्या जागी ते मध्यवर्ती कौन्सिलात गेले आणि २६ मार्च १९०२ रोजी अंदाजपत्रकावर त्यांचे पहिले भाषण झाले. सात कोटींहून अधिक शिल्लक दाखवून सरकार स्वतःचे अभिनंदन करून घेत होते. दुष्काळ आणि प्लेग यांनी गांजलेल्या देशाच्या तिजोरीत एवढी शिल्लक आली कोठून, हा प्रश्न गोखल्यांनी उभा केला आणि उत्तर सरकारच्याच हिशेबातून काढून दाखविले. ते समजण्यास अंकगणित पुरे. विलायतेत भरावयाची रक्कम पौंडांत असे. रुपयाचा भाव तेरा पेन्सांपर्यंत घसरला होता तेव्हा शंभर पौंडांसाठी सुमारे १,८४६ रुपये लागत. तो सोळा पेन्सांवर स्थिर केल्यावर दीड हजार रुपयांत काम भागू लागले. घसरणीच्या काळात जे कर वाढविले होते ते मात्र तसेच चालू राहिले. म्हणजे ही शिल्लक भरभराटीची खूण नव्हती. गरजेपेक्षा जास्त कर वसूल होत असल्याची ती कबुली होती.

त्या वर्षी त्यांच्या म्हणण्यावर मतदान झाले नाही. तशी सोयच नव्हती. परंतु १८८८ साली मणामागे अडीच रुपयांवर नेलेला मिठावरचा कर १९०३ मध्ये दोन रुपयांवर, १९०५ मध्ये दीडवर आणि १९०७ मध्ये एका रुपयावर आला. त्याचे सारे श्रेय एकट्या गोखल्यांना देणे इतिहासाला धरून होणार नाही. तरीपण वर्षामागून वर्षे दरडोई मिठाच्या खपाचे आकडे पुढे ठेवून हा कर गरिबाच्या ताटातले मीठ कमी करतो हे त्यांनी इतके निर्विवाद करून ठेवले की, शिल्लक हाती असताना तो चालू ठेवणे सरकारला अवघड झाले.

याच काळात सरकारचे दुसरे रूपही दिसले. डिसेंबर १९०३ मध्ये सरकारी गुपितांविषयीच्या कायद्याची दुरुस्ती कौन्सिलापुढे आली. लष्करी बाबींपुरता असलेला गुप्ततेचा पडदा मुलकी कारभारावरही ओढण्याचा तिचा उद्देश होता. गोखल्यांनी तिला कडाडून विरोध केला. मार्च १९०४ मध्ये ती संमत झालीच. सरकार स्वतःहून देईल तेवढीच माहिती लोकांपर्यंत पोहोचावी आणि इतर वाटा बंद व्हाव्यात, ही वृत्ती त्यांनी ओळखली होती. ज्या सरकारला वृत्तपत्रांचा डोळा नको असतो त्याला सभासदाचा प्रश्नही फार दिवस नकोसाच असतो.

आकडे जिंकले, मते हरली

१९०९ च्या सुधारणांनी कौन्सिलांचा विस्तार झाला. मूळ प्रश्नकर्त्याला उपप्रश्न विचारण्याची मुभा मिळाली आणि ठराव मांडण्याचा हक्कही आला. २५ फेब्रुवारी १९१० रोजी गोखल्यांनी नाताळ वसाहतीकडे करारबद्ध मजुरांची भरती बंद करण्याचा ठराव मांडला आणि सरकारने तो स्वीकारला. पुढल्याच महिन्यात त्यांनी सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा विषय काढला. हिंदुस्थानात एकूण लोकसंख्येच्या सुमारे १.९ टक्केच मुले प्राथमिक शाळेत जातात, हा आकडा त्यांनी इतर देशांच्या आकड्यांशेजारी ठेवला आणि बडोदे संस्थानात सयाजीराव गायकवाडांनी करून दाखविलेल्या प्रयोगाकडे बोट दाखविले.

१६ मार्च १९११ रोजी त्यांनी प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. ते अत्यंत सावध होते. ज्या भागात ठराविक प्रमाणात मुले आधीच शाळेत जात असतील तेथेच, आणि तेथील स्थानिक संस्थेची इच्छा असेल तरच, सहा ते दहा वर्षांच्या मुलांना सक्ती लागू व्हावयाची होती. एवढे करूनही १९ मार्च १९१२ रोजी ३८ विरुद्ध १३ मतांनी ते फेटाळले गेले. सरकारी मतांचा गठ्ठा विरोधात होता, आणि काही बिनसरकारी सभासदही. या एका मतदानात गोखल्यांच्या पद्धतीची मर्यादा स्पष्ट होते. आकडा सरकारला निरुत्तर करतो, पण मत देण्यास लावू शकत नाही. टिळकपक्षाचा आक्षेप नेमका हाच होता, आणि तो निराधार नव्हता: ज्या सभागृहात बहुमत परकीयांचे, तेथे युक्तिवादाने राज्य हलणार कसे?

तथापि पराभूत विधेयकाचे पुढे काय झाले तेही पाहिले पाहिजे. गोखल्यांनी जमविलेली आकडेवारी आणि तिच्यावर उभारलेली मांडणी नाहीशी झाली नाही. मुंबई इलाख्यात विठ्ठलभाई पटेल यांच्या प्रयत्नाने १९१८ साली प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला तेव्हा गोखल्यांनी तयार केलेली जमीनच उपयोगी पडली. १९१२ मध्ये सरकारी नोकऱ्यांची चौकशी करणाऱ्या कमिशनवर त्यांची नेमणूक झाली. १८९७ साली ज्या विषयाचा तक्ता त्यांनी साक्षीदार म्हणून पुढे केला होता, त्याच विषयावर आता अधिकाऱ्यांना प्रश्न विचारण्याच्या जागी ते बसले. परंतु प्रकृती ढासळत चालली होती. कमिशनचा अहवाल प्रसिद्ध होण्यापूर्वीच, १९ फेब्रुवारी १९१५ रोजी, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी पुण्यात त्यांचे निधन झाले. त्यांच्या नावाने १९३० साली पुण्यात स्थापन झालेल्या अर्थशास्त्र संस्थेतून वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ साली देशातील दारिद्र्याचा जो अभ्यास प्रसिद्ध केला, तोही सरकारच्या नमुना पाहणीतील आकड्यांवरच आधारलेला होता. परंपरा कोठून आली हे निराळे सांगावयास नको.

आजचा प्रश्न

आज हक्क अपुरा नाही. लोकसभेत एका दिवशी वीस तारांकित आणि दोनशे तीस अतारांकित प्रश्न घेता येतात. तारांकित प्रश्नाला तोंडी उत्तर आणि उपप्रश्न, तर अतारांकिताला लेखी उत्तर. राज्यांच्या विधिमंडळांतही अशीच व्यवस्था आहे. दिलेले आश्वासन पाळले गेले की नाही हे पाहण्यासाठी लोकसभेत १९५३ पासून स्वतंत्र समिती आहे. २००५ साली माहितीच्या अधिकाराचा कायदा झाला तेव्हा, संसदेला वा विधिमंडळाला जी माहिती नाकारता येत नाही ती कोणाही नागरिकाला नाकारली जाऊ नये, असे तत्त्व मूळ कायद्यात लिहिले गेले. गोखल्यांना हे सारे स्वप्नवत वाटले असते.

पण हक्क वाढला म्हणून तो बजावणारेही वाढले असे म्हणता येत नाही. त्याच २००५ साली पैसे घेऊन प्रश्न विचारल्याबद्दल अकरा खासदारांना संसदेतून काढून टाकावे लागले. सप्टेंबर २०२० मध्ये टाळेबंदीच्या काळात गावी परतताना मृत्यू पावलेल्या स्थलांतरित मजुरांची संख्या विचारली गेली, तेव्हा अशी आकडेवारी ठेवलेली नाही असे लेखी उत्तर मिळाले. त्या अधिवेशनात प्रश्नोत्तराचा तासच रद्द झालेला होता. लेखी प्रश्न तेवढे चालू राहिले म्हणून हे उत्तर तरी नोंदले गेले. आकडा नाही, हेही एक उत्तरच आहे. काय मोजावयाचे आणि काय नाही हे शासन कसे ठरविते, ते त्यावरून कळते. मात्र असे उत्तर आल्यावर थांबणारा सभासद आणि ते मोजणे सरकारला भाग पाडेपर्यंत पाठ न सोडणारा सभासद, यांत फरक आहे.

सभागृहात पटलावर येणारा प्रत्येक तक्ता शेवटी कोठल्या तरी तालुका कचेरीत, शाळेत किंवा दवाखान्यात कोणा लिपिकाने वा शिक्षकाने भरलेला असतो. तो खरा भरला जावा, वेळेवर वर जावा, आणि सभागृहात आल्यावर वाचला जावा, या तीन गोष्टींवर लेखी प्रश्नाची सारी शक्ती अवलंबून आहे. तिसरे काम एकट्या सभासदाचे नाही. गोखल्यांच्या मागे गणेश व्यंकटेश जोशी होते. आपल्या मतदारसंघाच्या प्रतिनिधीने गेल्या अधिवेशनात कोणते प्रश्न विचारले आणि त्यांना काय उत्तरे मिळाली, हे पाहणारे शिक्षक, कारकून व विद्यार्थी जितके वाढतील तितका हा हक्क जिवंत राहील. नाहीतर उत्तरे छापली जातील आणि दप्तरात पडून राहतील.